रजिस्टर घरीच होतं

अप्पा,

आपल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाची नात परवा माझ्या ऑफिसात येऊन गेली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. अर्धापूरला शाळेत शिकवते. तिचा अर्ज महिन्याभरापूर्वीच टपालानं आला होता. आता असा कायदा आहे की कोणीही साध्या कागदावर अर्ज करून सरकारी फाइल मागू शकतो, आणि ती तीस दिवसांत द्यावी लागते. तुम्हाला हे खरं वाटलं नसतं. तुम्ही तो कायदा एकदा वाचून, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून, पुन्हा वाचला असता. असा अर्ज ज्याच्या टेबलावर येतो तो माहिती अधिकारी, आणि आमच्या पंचायत समितीत सध्या ती मी आहे. तुमच्या जागेवर ग्रामसेविका म्हणून लागले होते, आता विस्तार अधिकारी होऊन निवृत्तीला आलेय. अर्जात तिनं एवढंच मागितलं होतं: माझ्या आजोबांना ज्या चौकशीवरून कामावरून कमी केलं, त्या चौकशीचे सगळे कागद मिळावेत. मी अर्ज वाचला आणि टेबलावर पालथा घातला. समोरच्या क्लार्कला वाटलं माझी तब्येत बिघडली. त्या माणसाची नोकरी ज्या गोष्टीपायी गेली ती मी केली होती, अप्पा. त्यांनी नाही. आजवर मी हे कोणालाही सांगितलेलं नाही, आणि आता त्यांची नात विचारतेय.

दुष्काळातला एक दिवस आहे. मी दहा वर्षांची आहे. मारुतीच्या देवळापुढं टँकर उभा आहे आणि कपाळावर विभूती ओढलेले तुम्ही वही घेऊन टँकरपाशी. ओळ पार शाळेपर्यंत गेलेली. मी शेवटाला घागर घेऊन उभी राहते, तर टँकरवाला मला हाक मारतो, साहेबांची पोरगी म्हणून, आणि पाइप सरळ माझ्या घागरीत सोडतो. मी घागर कमरेवर घेऊन वळते तर समोर तुम्ही. कोणाच्या अगोदर भरलीस, असं तुम्ही विचारता. मी ओळीतल्या पहिल्या बाईकडं बोट करते. ती खालच्या वस्तीतली, पहाटेपासून उभी असलेली. तुम्ही मला घागर तिच्या हंड्यात ओतायला लावता आणि पुन्हा शेवटाला पाठवता. माझा नंबर येईपर्यंत टँकर रिकामा झाला. त्या दिवशी आईनं पिण्याच्या पाण्यातनं भाकरीचं पीठ मळलं. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा ती तव्यावरची भाकरी उलटत, तुमच्याकडं न बघता म्हणाली, "इमानदारी तुमची, आन् तिचं पाणी मात्र आमी भरायचं." तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट त्या दिवसाला जोडून आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही गावात गेल्यावर शिपाई मागच्या दारानं अर्धी घागर पाणी घेऊन आले. त्यांच्या स्वतःच्या घरचं. त्यांच्या घरी तेव्हा पाच माणसं होती. आईला म्हणाले, साहेबांना सांगू नका, ते माघारी पाठवतील आणि सांडलं तर कोणाच्याच कामाचं नाही. आईनं घागर घेतली आणि कधी बोलली नाही. मी चुलीपाशी बसून हे पाहिलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काय असायला हवं होतं हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं, विसाव्या वर्षी मी ते विसरले.

घागरीची ती गोष्ट मी नोकरीत इतक्यांदा सांगितलीय की तिचा गुळगुळीत दगड झालाय. नवीन ग्रामसेवकांचं प्रशिक्षण असतं. मागं फ्लेक्स लावलेला, त्यावर पारदर्शकता, उत्तरदायित्व असले मोठाले शब्द, समोर बाटलीतलं पाणी. मला बोलायला उभं करतात, कारण मी तुमची मुलगी. मी घागर सांगते, टाळ्या पडतात, मग सगळे जेवायला जातात आणि आपापल्या गावी जाऊन पुन्हा तेच करतात. ग्रामसभा भरलीच नाही तरी शिपायाच्या बगलेत रजिस्टर देऊन घरोघरी सह्या गोळा करायच्या, आणि सह्यांच्या वर ठरावाला कोरी जागा ठेवायची. मी तपासणीला जाते तेव्हा ते रजिस्टर पाहून मला सगळं कळतं. सह्या एकाच पेनाच्या, गर्दीत झालेली एकही नाही. मी शेरा मारते, ते खुलासा देतात, खुलासा फाइलला लागतो. पस्तीस वर्षं मी हेच करत राहिले, अप्पा, आणि कंटाळा आलाय. पण त्यांच्यावर चिडायचं तोंड मला कुठं आहे, हा प्रश्न मी मनात येऊ देत नव्हते. त्या अर्जानं तो आणून समोर बसवला.

जिल्हा नवा झाला त्या वर्षी तुमची फिरून त्या दुष्काळातल्याच गावात बदली झाली होती. तुम्ही किती खूश होता. पूर्वी एखाद्याला तक्रार करायची तर उस्मानाबादला जायचं, दिवस मोडायचा, तिथं साहेब भेटला नाही तर मुक्काम पडायचा. आता लातूर झालं. सकाळच्या गाडीनं जा, दुपारच्या गाडीनं परत. तुम्ही पारावर बसून लोकांना सांगायचात, "आता जाब इचारायला मानसाला मुक्काम करावा लागनार न्हाई." लोक हसायचे. त्यांना जिल्हा म्हणजे नवीन इमारती आणि नोकरभरती वाटत होती, तुम्हाला तो जाब वाटत होता. मला, खरं सांगते, भरतीच वाटत होती. माझं शिक्षण संपलं होतं, दोन स्थळं येऊन गेली होती, आणि मला त्या घरातून स्वतःच्या पायावर बाहेर पडायचं होतं.

ठराव लिहायची तुमची रीत साऱ्या तालुक्याला माहीत होती. सभा संपली की तुम्ही लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचात, म्हाताऱ्यांना ऐकू गेलं का विचारायचात, आणि पानावर उरलेल्या जागेत वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ मारून खाली सही करायचात. म्हणजे मागाहून कोणाला एक शब्द घुसडता येऊ नये. मग रजिस्टर लाल फडक्यात बांधून घरी आणायचात आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला लावायचात. ऑफिसात कपाट होतं, पण त्याची किल्ली शिपायाकडं असायची. सरपंचानं मागितलं तर तो गरीब माणूस नाही कसं म्हणणार, त्याला कशाला अडचणीत टाकायचं, असं तुम्हीच आईला सांगितलेलं मी ऐकलंय.

ती सभा खालच्या वस्तीच्या विहिरीची होती. विहीर मंजूर होऊन आली होती, जागा ठरायची होती. वस्तीतल्या बायका पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या आणि ओळीनं मागं बसल्या होत्या. त्यांना विहीर वस्तीपाशी पाहिजे होती. सरपंचांना ती गावाच्या दुसऱ्या अंगाला, त्यांच्या शेताच्या बांधाला लागून पाहिजे होती, सगळ्यांच्या सोयीची म्हणून. बोलाचाली वाढली, अंधारून आलं, आणि तुम्ही सभा तहकूब केली, उरलेलं परवा बोलू म्हणून. हजेरीच्या सह्या आधीच झाल्या होत्या. ठराव अर्धवट होता, म्हणून त्या दिवशी तुम्ही रेघ मारली नाहीत. परवा तिथूनच पुढं लिहायचं होतं. तुमच्या साऱ्या नोकरीत रेघ न मारलेलं ते एकच पान असेल.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला बैठकीला लातूरला बोलावलं होतं. आई बाजाराला औशाला गेली होती. मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा सरपंचांचे भाऊ आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, माझ्या शिक्षणाची चौकशी केली. नव्या जिल्ह्यात किती जागा निघणार आहेत ते सांगितलं. म्हणाले, तुझे वडील देवमाणूस, पण ते काही स्वतःच्या लेकीसाठी शब्द टाकणार नाहीत, आम्ही टाकू. मग जाता जाता आठवल्यासारखं करून म्हणाले, कालच्या दोन सह्या राहिल्यात, रजिस्टर दे, तासाभरात आणून देतो. मी उठले, खुंटीवरून फडकं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. पान उघडं आहे हे मला माहीत होतं, तुम्ही रात्री जेवताना आईला सांगितलं होतं. मी मनाशी एवढंच म्हटलं, सह्याच तर घेतायत. तासाभरात त्यांनी ते खरंच आणून दिलं, होतं तसं बांधून.

दिवेलागणीला तुम्ही आलात, पाय धुतले, रजिस्टर काढलं. उघडल्यावर तुम्ही किती तरी वेळ पान उलटलं नाहीत. तुमच्या अक्षराला मिळतंजुळतं अक्षर, विहीर सरपंचांच्या बांधाला, सर्वानुमते, आणि खाली साऱ्या गावाच्या सह्या, वस्तीतल्या बायकांच्या अंगठ्यांसकट. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. आई चुलीपुढं, मी परातीपाशी. "रजिस्टरला कोनी हात लावला का?" मी म्हटलं, नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. आणि तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत, अप्पा. घागरीच्या वेळी भर ओळीत उभं करून विचारलं होतंत. त्या दिवशी घरातल्या घरात, एकदा विचारलंत आणि वळलात. आणखी एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी तोंड उघडून तयार होते.

तुम्ही स्वतःच वर तक्रार केलीत. चौकशी लागली. मला वाटत होतं आता सगळं बाहेर येईल, आणि मी ताप आल्याचं सांगून घरात पडून राहिले. काहीच बाहेर आलं नाही. अक्षर कोणाचं हे कोणी शोधलं नाही, रजिस्टर कोणाच्या ताब्यात होतं यावरच सगळी चौकशी फिरली. कपाट उघडं ठेवलं म्हणून शिपायांना काढलं. ठरावावर सह्या होत्या, त्यामुळं ठराव राहिला आणि विहीरही तिथंच झाली. तुमची बदली उदगीरच्या पलीकडं, जिथं निम्मं गाव कानडी बोलायचं आणि तुम्ही निम्मं ऐकून घ्यायचात. मी इतकी वर्षं असंच समजत होते की चौकशीला आलेल्या साहेबांनी कुठलं तरी कपाट मधे आणलं आणि तुमचं काही चाललं नाही. तुम्ही त्यानंतर फार बोलेनासे झालात, ते या अन्यायामुळं, असं मी सगळ्यांना सांगायची.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात, तोवर शिपाई अर्धापूरला लेकीकडं राहायला गेले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. तुमची माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी ते आले, कोणीतरी निरोप दिला होता. पिशवीत केळीची एक मोठी फणी. ती तुमच्या फोटोपुढं ठेवून त्यांनी हात जोडले. त्यांच्या खांद्यावर घट्टे पडलेले मी पाहिले. मी त्यांना जेवायला वाढलं, भात पुन्हा वाढला, ताक वाढलं. ते म्हणाले साहेबांसारखा माणूस होणार नाही. तेव्हाही मी बोलले नाही. त्याच आठवड्यात तुमच्या जागेवर मला घ्यावं म्हणून अर्ज करायचा होता.

तर तो नातीचा अर्ज आला आणि मी अभिलेख कक्षातून फाइल काढली. मला ती सापडू नये असं वाटत होतं. क्लार्क म्हणालाच, मॅडम, एवढं जुनं आहे, आढळून येत नाही म्हणून कळवून टाकू. तसं कळवलं असतं तर कोणी विचारलं नसतं, रोजच कळवतात. पण फाइल होती, वाळवी न लागलेली. त्यात तुमचा जबाब होता, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात. सभेनंतर रजिस्टर मी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवले. किल्ली शिपायाकडे होती. खाली तुमची सही, आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत तिरपी रेघ.

तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्हाला माहीत होतं रजिस्टर खुंटीला होतं, तुम्हीच लावलं होतं. म्हणजे मी दिलं हेही तुम्हाला माहीत होतं. घर मधे येऊ नये म्हणून तुम्ही कपाट मधे आणलंत, आणि कपाटाबरोबर तो माणूस आला. त्यांचा जबाब तुमच्या जबाबाच्या पाठीमागं लावलाय, चार ओळींचा, दुसऱ्यानं लिहून घेतलेला, खाली अंगठा. "सायेब कपाटात ठिवलं म्हनत्यात तर ठिवलंच आसंल. सायेब खोटं बोलत न्हाईत. किल्ली माझ्यापाशीच व्हती." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मला ठाऊक नाही, मी रजिस्टर पाहिलंच नाही. साहेबांचा शब्द आणि स्वतःची आठवण यांत त्यांनी तुमचा शब्द धरला. तुम्ही जन्मभर जो खरेपणा कमावला होता तो सगळा त्या एका गरिबाच्या डोक्यावर नेऊन टाकलात. मला तुमचा राग येतो, अप्पा, इतका की त्या दिवशी मी घरी येऊन तुमचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि मग आईच्या भीतीनं, म्हणजे आईही जाऊन आता बारा वर्षं झालीत, पण तिच्याच भीतीनं, परत सरळ केला. लेकीला वाचवलंत असं म्हणाल. तुम्ही मला वाचवलं नाहीत. मला तेव्हा बोलायला लावलं असतं तर मी त्याच आठवड्यात रडून मोकळी झाले असते. नाव गेलं असतं, भरती गेली असती, त्या माणसाची नोकरी राहिली असती, आणि ती विहीर कदाचित वस्तीपाशी झाली असती.

परवा ती आली. अर्धापूरहून नांदेड, नांदेडहून लातूर, तिथून इकडं, तीन गाड्या बदलून. अंगावर साधी सुती साडी, हातात शाळेची पिशवी. मी सगळ्या पानांच्या नकला काढून ठेवल्या होत्या, प्रत्येक पानावर खरी नक्कल असा शिक्का मारून सही केली होती. तुमच्या जबाबावरही. ती माझ्या समोर बसून एकेक पान वाचत गेली. तुमच्या पानावर थांबली, परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली की आजोबा जाईपर्यंत एकच गोष्ट बोलायचे, किल्ली माझ्याकडंच होती पण कपाट उघडलेलं मला आठवत नाही. रात्रंदिवस तेच. शेवटी शेवटी त्यांचा स्वतःवरचाच भरवसा गेला होता, घराला कुलूप लावलं तरी तीनदा बघून यायचे. म्हणून तिला एकदा कागद बघायचा होता, बाकी काही नको होतं, ना नोकरी, ना भरपाई.

"साहेब तुमचेच वडील ना, मॅडम?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "आजोबा म्हणायचे, कधी लागलं तर साहेबांच्या मुलीकडं जा, ती खरं काय ते देईल." मग तिनं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि म्हणाली, "साहेबांनी लिहून दिलंय म्हणजे तसंच झालं असणार. आता आम्ही घरी तो विषय बंद करू."

त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. क्लार्क जेवायला गेला होता. दार लोटलेलं होतं. मी म्हणाले, चहा घेणार का. तिला परतीची गाडी गाठायची होती, ती उठली, वाकून नमस्कार केला आणि गेली. मी खिडकीतून तिला फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

कायद्यानं बघाल तर माझं काहीच चुकलेलं नाही. मुदतीत माहिती दिली, फाइलमधलं एक पान दडवलं नाही, एक ओळ झाकली नाही. माझ्याविरुद्ध अपील करायचं म्हटलं तर तिला कुठं जागाच नाही. मी नव्या ग्रामसेवकांना शिकवते तसंच सगळं झालंय, आणि ती पोरगी तुमच्या खोट्यावर माझी सही घेऊन घरी गेली. आता तिच्या घरात त्या म्हाताऱ्यावरचा डाग पक्का झाला, सरकारी शिक्क्यानिशी. फाइल बंद होती तोवर निदान शंका तरी होती.

आज रविवार आहे. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलेय. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भात गार झाला. खरं सांगायचं तर मी तुम्हाला लिहायला बसलेच नव्हते. पहिले दोन कागद मी फाडले, त्यांच्यावर त्या पोरीचं नाव होतं. तिसऱ्या कागदावर तुमचं आलं, आणि मग हात थांबला नाही. तिचा पत्ता माझ्याकडं आहे, अर्जाच्या खाली तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलाय, पिनकोडसकट. तुमचा कुठंच नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं.